चुंबकत्वावरून उल्काविवराचं वय : ॲक्रमनला जमलं, लोणारला का जमत नाही?

गारगोटी :

'दगडांच्या चुंबकत्वावरून उल्काविवराचं वय काढलं' अशी बातमी अधूनमधून येते आणि खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. उल्का लोखंडाची होती का, लोणारला होकायंत्र का फिरतं, वगैरे. परवा लोणारच्या धाग्यावर याच गोंधळात मूळ विषय वाहून गेला, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. उदाहरण मात्र लोणारचं घेत नाही, कारण तिथे ही पद्धत चालत नाही. का चालत नाही ते कुणीतरी विचारेलच, तेव्हा बोलू.

उदाहरण घेते ॲक्रमनचं. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वायव्येला सव्वाचारशे किलोमीटरवर गॉलर रेंजेस ही बुटक्या डोंगरांची रांग आहे. तिथे ॲक्रमन नावाचं वीसेक किलोमीटर रुंदीचं खारं तळं आहे. तळं म्हणायचं ते नकाशावर, बहुतेक काळ तिथे मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल. भोवतीचा दगड डेसाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच, पण आपल्या बेसाल्टपेक्षा सिलिका जास्त असलेला. वय सुमारे १५९ कोटी वर्षं. विवराची कड, काठ, कढईसारखा आकार यातलं काही आज दिसत नाही. सगळं झिजून गेलंय.

आता तिथून पूर्वेला तीनशे किलोमीटर या. फ्लिंडर्स रेंजेसमध्ये बुनयेरू नावाचा लालसर-जांभळ्या चिखलदगडाचा जाड थर आहे. संथ समुद्रात बसलेला बारीक गाळ. त्याच्या मध्येच डेसाइटच्या तुकड्यांचा एक पातळ पट्टा येतो. जवळपास कुठेही डेसाइट नाही आणि असा बारीक गाळ बसणाऱ्या पाण्यात दगड वाहून येणंही शक्य नाही. ॲडलेड विद्यापीठाचे व्हिक गॉस्टिन आणि सहकाऱ्यांना त्या पट्ट्यात आघाताने तडकलेले क्वार्ट्झचे कण मिळाले. तिकडे जॉर्ज विल्यम्स यांना ॲक्रमनचा गोल आकार खटकत होताच. १९८६ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोघांचे लेख लागोपाठ आले : हे विवर, आणि हा त्यातून उडालेला मलबा.

पण वय? पट्ट्यातल्या तुकड्यांतले झिरकॉन (आतल्या युरेनियमवरून वय काढता येतं असे चिवट खनिजकण) तपासले तर त्यांचं वय गॉलरच्या डेसाइटशी जुळलं. म्हणजे दगड कुठून आला ते कळलं, कधी उडाला ते नाही. आघाताने झिरकॉनचं घड्याळ शून्यावर आलेलंच नव्हतं. उलट बाजूने पाहिलं तर मलब्याचा पट्टा गाळाच्या थरांत नीट बसलेला, त्यामुळे त्याचं वय थरांच्या क्रमावरून बांधता येत होतं. खाली हिमनदीच्या काळाचे थर (तो काळ ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपला), वर एडियाकारन जीवांचे, म्हणजे मऊ शरीराच्या अतिप्राचीन समुद्री जीवांचे, प्रसिद्ध ठसे (सुमारे ५५.५ कोटी). पट्टा मध्ये, साधारण ५८ कोटींच्या आसपास. आता एवढंच सिद्ध करायचं होतं की ॲक्रमनचं विवर आणि हा पट्टा एकाच घटनेचे आहेत. तिथे चुंबकत्व कामाला आलं.

दगडात मॅग्नेटाइट, हेमटाइट अशा लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर आणि हेमटाइट सुमारे ६७५ अंशांच्या वर तापलं की आधीचं चुंबकत्व पुसलं जातं. परत थंड होताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा कणांत गोठते. गाळाच्या खडकाला तापायचीही गरज नाही. कण तळाशी बसताना क्षेत्राच्या दिशेने वळतात, किंवा गाळ दगड होत असताना त्यात नवं हेमटाइट तयार होतं आणि तेच दिशा टिपून ठेवतं.

नमुन्यातून दोन कोन मिळतात : दिशा उत्तरेपासून किती फिरलेली आहे आणि क्षितिजापासून किती कललेली आहे. कलावरून त्या वेळचा अक्षांश निघतो (कलाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट). दोन्ही मिळून त्या खंडाच्या दृष्टीने तेव्हा ध्रुव कुठे होता ते काढता येतं. खंड सरकतात, म्हणून आजच्या खंडावर उभं राहून पाहिलं तर ध्रुवच कोट्यवधी वर्षांत फिरत गेलेला दिसतो. वय माहीत असलेल्या खडकांवरून हा ध्रुवपथ आखून ठेवलेला असतो. अनोळखी खडकाचा ध्रुव त्या पथावर कुठे पडतो ते पाहायचं. मार्ग माहीत असलेल्या एसटीतून बाहेर पाहताना गाव ओळखलं की किती वाजले असतील याचा अंदाज येतो, तसं. अर्थात गाडी त्याच फाट्यावरून जाताना आणि येतानाही जात असेल तर पंचाईत.

ॲक्रमनमध्ये आघाताने वितळून पुन्हा गोठलेला खडक तळ्याच्या काठी थोडासा उघडा आहे. फिलिप श्मिट आणि विल्यम्स यांनी त्याची दिशा आणि फ्लिंडर्समधल्या बुनयेरू थराची दिशा ताडून पाहिली. मूळ डेसाइटची दिशा वेगळी, १५९ कोटी वर्षांपूर्वीची. पण वितळलेल्या खडकाची दिशा बुनयेरूशी जुळली. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९६ मध्ये बुनयेरूचे आणखी नमुने घेऊन त्यांनी आघाताच्या वयाचं गणित पक्कं केलं.

बातम्यांत 'चुंबकत्वाने वय काढलं' असं छापतात तेव्हा मला हेच म्हणायचं असतं. चुंबकत्वाला वर्षं मोजता येत नाहीत. दोन गोष्टी एकाच काळातल्या असू शकतात की नाही, एवढंच ते सांगतं. आकडा दुसरीकडून आणावा लागतो.

नाना_बुलढाणा :

छान धागा. आता विचारतोच. लोणारला आमच्या शाळेच्या सहली कितीदा नेल्या. दरवेळी गाइड होकायंत्र काढून दाखवतो, सुई इकडची तिकडे होते आणि पोरं टाळ्या पिटतात. अंबर तळ्याजवळच्या झोपलेल्या मारुतीची मूर्तीही चुंबकीय दगडाची आहे असं सगळे सांगतात. मग तिथे एवढं चुंबकत्व असताना वय का निघू नये?

कोपरखळी :

नाना, सुई फिरते ती गाइडच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलमुळे.

गारगोटी :

@कोपरखळी, मोबाईलच्या स्पीकरमध्ये खरंच चुंबक असतो, त्यामुळे तुमचा विनोद निम्मा खरा आहे.

@नाना, सुई हलण्याचं श्रेय उल्केला देऊ नका. एवढ्या वेगाने आदळलेल्या दगडाचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन जातो. दख्खनचा बेसाल्टच मुळात चांगला चुंबकीय असतो. हरिश्चंद्रगडावर किंवा नाशिकच्या एखाद्या कातळावर ठेवलंत तरी होकायंत्र थोडंफार हलेल. त्यात उघड्या कातळावर वीज पडलेली असेल तर विचारूच नका, तेवढा तुकडा अक्षरशः लोहचुंबक होतो. मूर्तीबद्दल मी काही म्हणणार नाही, पण बेसाल्टची असेल तर 'चुंबकीय' म्हणणं चुकीचं नाही. तालुक्यातले उंबरठेही तितकेच चुंबकीय असतील.

आता वयाचं. लोणारला दोन आकडे चर्चेत असतात. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्सने (दगड शेवटचा कधी तापला ते त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून मोजायची पद्धत) आलेला ५२ हजार वर्षांचा (अधिक-उणे ६ हजार) आणि २०११ मध्ये जूर्दां आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून साठलेल्या आर्गॉन वायूवरून) काढलेला ५ लाख ७० हजारांचा (अधिक-उणे ४७ हजार). म्हणजे दहापटीहून जास्त फरक. यात चुंबकत्वाने पंच व्हावं असं कुणालाही वाटेल.

पण गणित करून बघा. भारताचा वेग वर्षाला पाच सेंटीमीटर धरला तर ५.७ लाख वर्षांत सरक झाली साडेअठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे अक्षांशाचा पाव अंश. दगडावरून काढलेल्या दिशेत दोन-चार अंशांची अनिश्चितता सहज असते. पाव अंश त्यात कुठल्या कुठे हरवतो. बरं, ध्रुवांच्या अदलाबदलीचा उपयोग होईल म्हणावं, तर शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. ५२ हजार घ्या की ५.७ लाख, दोन्ही तिच्या अलीकडचे. दोन्ही वेळी उत्तर उत्तरेलाच होती. लोणार या कामासाठी फार तरुण आहे.

सांख्य :

हे पटलं. पण ॲक्रमनच्या बाबतीत मला दोन शंका आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

एक. आघात म्हणजे क्षणाचा मामला. वितळलेला खडक गोठला तेव्हाची दिशा ही त्या वेळची एकच नोंद झाली. पृथ्वीचं क्षेत्र तर शतकाशतकांत दहा-पंधरा अंश इकडे-तिकडे होतं. कुलाब्याला आणि नंतर अलिबागला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदी आहेत, त्यांतही सरक दिसतेच. मग एका क्षणाच्या दिशेवरून ध्रुव काढणं म्हणजे एका दिवसाच्या तापमानावरून हवामान सांगण्याचा प्रकार नाही का?

दोन. दोन्ही खडक पुढे कधीतरी एकाच वेळी तापले किंवा त्यांतून गरम खारं पाणी फिरलं, तर दोघांची दिशा सारखीच येईल. मग 'जुळलं' याचा अर्थ 'एकत्र पुसलं गेलं' असाही होतो.

मृण्मयी :

सांख्य, दुसऱ्या शंकेचं उत्तर एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात असलेली मीही देऊ शकते. घडीची कसोटी!

गारगोटी :

दे की. मी पहिल्या शंकेचं बघते.

विवराच्या मापावर बरंच अवलंबून असतं. छोट्या विवरातला वितळ भराभर थंड होतो, तिथे सांख्य म्हणतात तसंच होतं, एकच नोंद. ॲक्रमन मात्र मोठं. आज दिसणारं तळं वीस किलोमीटरचं असलं तरी आघाताच्या वेळचा खड्डा त्याच्या कितीतरी पट रुंद होता. मूळ व्यास ८५-९० किलोमीटर मानणारेही आहेत, मला तो आकडा जरा उदार वाटतो. अशा ठिकाणी जमीन थंड व्हायला खूप काळ लागतो. शिवाय तुलनेची दुसरी बाजू गाळाची आहे. बुनयेरूच्या कित्येक मीटर जाडीतले नमुने घेतले की ती सरासरीच झाली, तिथे शतकांची थरथर बुजून जाते. वितळाची दिशा त्या सरासरीजवळ पडते. वितळाची नोंद एका क्षणाची धरली तरी १५९ कोटींच्या दिशेपासून ती इतकी लांब आहे की थरथरीने ते अंतर भरून निघत नाही.

म्हणजे शंका रास्त आहे, तिचा हिशेब अनिश्चिततेच्या वर्तुळात धरायचा असतो. वर्तुळ न देता फक्त ध्रुव सांगणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नये, हे मी सांख्यांच्या बाजूने म्हणते.

मृण्मयी :

घडीची कसोटी अशी. समजा थर आडवे असताना सगळीकडे दिशा सारखी नोंदली गेली. पुढे डोंगर उभे राहताना थर मुडपले, तर आज घडीच्या एका बाजूची दिशा एकीकडे आणि दुसऱ्या बाजूची भलतीकडे दिसणार. कागदावर घड्या उलगडून थर पुन्हा आडवे केले आणि विखुरलेल्या दिशा एका जागी आल्या, तर चुंबकत्व घडी पडण्याच्या आधीचं. उलट घडी असताना दिशा जुळतात आणि उलगडल्यावर विस्कटतात, तर चुंबकत्व नंतरचं, म्हणजे मूळ नोंद पुसली गेलेली.

फ्लिंडर्सचे थर सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी मुडपले. बुनयेरूच्या दिशा उलगडल्यावर एकत्र येतात. म्हणजे नोंद त्याआधीची. बरोबर ना, ताई?

गारगोटी :

अगदी. आणि हीच कसोटी लोणारलाही उपयोगी पडली, वयासाठी नाही तरी. विवराच्या काठावर बेसाल्टचे थर आघाताने उचलून बाहेरच्या बाजूला कलले आहेत. लुझादा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथले नमुने तपासले. टिकाऊ चुंबकत्व थर मनातल्या मनात सपाट केल्यावर जुळतं, म्हणजे ते आघाताच्या आधीचं, लाव्हा थंड झाला तेव्हाचं. वरवरचं कच्चं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या दिशेला आहे, म्हणजे नंतर सावकाश चिकटलेलं. आघाताच्या धक्क्याने दगडात नवी कायमची दिशा कोरली गेली असेल अशी अपेक्षा होती, तसा पुरावा मिळाला नाही. मला हा निकाल फार आवडतो. डोळ्यांसमोर आख्खं विवर आहे, पण दगडाच्या चुंबकत्वात त्या घटनेची स्वतंत्र नोंद नाही.

सांख्य :

घडीच्या कसोटीने '५० कोटींच्या आधी' एवढंच ठरलं. थर बसला ५८ कोटींना. मधल्या आठ कोटींत कधीतरी दोन्ही खडक पुसले गेले असतील तर?

गारगोटी :

ती फट चुंबकत्वाने पूर्ण बुजत नाही. मदत होते ती अशी : त्याच डोंगरांत एलाटिना, ब्राचिना, बुनयेरू, वोनोका हे थर खालून वर एकावर एक आहेत आणि त्यांचे ध्रुवही क्रमाने सरकत गेलेले दिसतात. सगळा भाग एकदम पुसला गेला असता तर सगळ्यांचा ध्रुव एकच आला असता.

बाकी भार इतर पुराव्यांवर आहे. पट्ट्यातल्या झिरकॉनांनी सांगितलं की दगड गॉलरमधून आला. तडकलेल्या क्वार्ट्झने सांगितलं की तो आघाताने उडाला. इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण उल्कांत जास्त असणारा धातूही नेहमीपेक्षा जास्त निघाला. गॉलरमध्ये दुसरं मोठं विवर कुणाला सापडलेलं नाही. चुंबकत्वाने वितळलेल्या खडकाला १५९ कोटींतून बाहेर काढून बुनयेरूच्या शेजारी आणून बसवलं. एकट्या चुंबकत्वावर कुणी हा खटला जिंकला नसता, पण त्याच्याविना विवर आणि मलबा यांच्यातला धागा खुद्द विवराच्या बाजूने कुणी बांधला नसता.

तिरकस :

थोडक्यात 'आमची पद्धत बरोबर आहे, फक्त उत्तर दुसऱ्यांनी द्यायचं.' भूगर्भवाल्यांची ही जुनी खोड आहे.

मृण्मयी :

तिरकसराव, कधीकधी चुंबकत्व एकट्यानेही घड्याळ होतं. मेक्सिकोतलं चिक्शुलुब, डायनोसॉरवालं, त्याचं बघा. तिथला वितळलेला खडक उलट ध्रुवतेचा आहे हे १९९२ मध्येच दिसलं होतं. तेव्हा उत्तर ध्रुवाच्या जागी दक्षिण. ते २९आर (अदलाबदलींच्या यादीतला क्रमांक, आर म्हणजे रिव्हर्स) या उलट कालखंडाशी जुळतं. मग २०१६ मध्ये समुद्रात विंधनविहीर घेऊन विवराच्या आतल्या कड्याचे नमुने काढले. डेव्हिड क्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की आघातानंतर तिथे गरम पाणी फिरत होतं आणि त्यातून बनलेल्या काही चुंबकीय खनिजांची दिशा सुलट आहे. म्हणजे क्षेत्र उलटून पुन्हा सुलट होईपर्यंत पाणी गरमच होतं. निष्कर्ष : किमान दीड लाख वर्षं. इथे कालावधी थेट ध्रुवांच्या अदलाबदलीवरून आला.

सह्यभटक्या :

२९आर म्हटलं की आमचा घाट आला! दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग याच उलट कालखंडातला आहे, आणि तो कालखंड सहा-सात लाख वर्षांचाच. महाबळेश्वरच्या भागात घाट चढताना खालचे थर उलट ध्रुवतेचे आणि वरचे सुलट, हे मला एका भूगर्भतज्ज्ञांनी ट्रेकवर सांगितलं तेव्हा खोटं वाटलं होतं. वेण्णा लेकवर मक्याची कणसं खाणाऱ्या गर्दीला पत्ताही नसतो.

गारगोटी :

बरोबर सांगितलं त्यांनी. यावरूनच १९८६ मध्ये कूर्तिलो आणि मंडळींनी मांडलं की दख्खनचा बहुतेक लाव्हा भूगर्भाच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात ओतला गेला.

दख्खनचा याहून जुना मान आहे, तो फारसा सांगितला जात नाही. १९५० च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी इथल्या बेसाल्टचं चुंबकत्व मोजलं. कलावरून निघालं की लाव्हा ओतला गेला तेव्हा हा भाग दक्षिण गोलार्धात होता. लोणार आज उत्तरेला वीस अंशांवर आहे. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं, आणि सह्याद्रीचे दगड साक्ष देत होते. १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनवरचा लेख आला. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) या विषयाची प्रयोगशाळा इतकी जुनी आहे.

नाना_बुलढाणा :

हे पोरांना सांगायला हवं. होकायंत्राच्या जादूपेक्षा हे भारी आहे. पण ताई, वीज पडून दगड चुंबक होतो म्हणालात. मग विजेने सगळाच घोळ होत नसेल का? डोंगरावरच्या दगडावर लाखो वर्षांत कितीदा वीज पडली असेल.

गारगोटी :

नाना, नेमका याचा मोठा किस्सा आहे. दक्षिण आफ्रिकेतलं फ्रेडेफोर्ट, २०२ कोटी वर्षांचं, जगातलं सगळ्यात मोठं ज्ञात विवर. तिथल्या खडकांचं चुंबकत्व तीव्र, पण दिशा प्रत्येक दगडाची निराळी, हातभर अंतरावरच्या दोन नमुन्यांतही मेळ नाही. २००५ मध्ये कारपोर्झेन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की आघाताच्या वेळी तयार झालेल्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित तप्त वायूच्या) प्रचंड चुंबकीय क्षेत्रांनी हे केलं असावं. मंगळावरच्या विवरांचाही अर्थ त्यावरून लावायला सुरुवात झाली. मग त्याच गटाने उथळ भोकं पाडून पृष्ठभागाखालचे नमुने काढले, तर गोंधळ वरवरच्या थरातच होता. २०१२ चा त्यांचा निष्कर्ष : वीज. प्लाझ्माच्या क्षेत्राचा पुरावा नाही.

म्हणून आता उंच उघड्या कातळावरचा नमुना घेताना हात आखडता घेतात. ओढ्यात, रस्त्याच्या कापात, खाणीत मिळाला तर उत्तम.

फेरफटका :

आणि लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं ते चुंबकीय बदलामुळे असा व्हिडिओ फिरत होता. 🙂

गारगोटी :

नाही. खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले होते. पुढे.

मृण्मयी :

ताई, प्रत्यक्ष नमुना कसा घेतात ते लिहा ना. आमच्या अभ्यासक्रमात एक तास होता, तोही पावसात वाहून गेला.

गारगोटी :

हातात धरायचं पेट्रोलवरचं ड्रिल, टोकाला हिरा लावलेली पोकळ नळी, आणि सतत पाणी. पाणी कमी पडलं तर दगड तापतो आणि सगळंच वाया. अडीच सेंटीमीटर व्यासाची कांडी निघते. ती उपटून काढायच्या आधी तिची दिशा आणि कल मोजून तिच्यावर खूण करायची. ही पायरी चुकली की पुढची सगळी प्रयोगशाळा निरुपयोगी. बेसाल्टवर साध्या होकायंत्राचा भरवसा नाही (नानांचा गाइड आठवा), म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात. तारीख, वेळ आणि ठिकाण अचूक हवं. ढगाळ हवेत मंडळी डबा खात बसतात.

प्रयोगशाळेत कांडी कापून चुंबकीय क्षेत्र अडवलेल्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवायची. १०० अंश, गार करा, मोजा. मग १५०, २००, असं वर. दर टप्प्याला कच्चं चुंबकत्व उडतं. दिशा आधी भरकटते, मग एका ठरावीक रेषेवर येऊन शून्याकडे उतरते. ती शेवटची सरळ रेष म्हणजे जुनी नोंद. रेष सरळ येईना तर नमुना बाजूला ठेवायचा, मोह आवरायचा. भारतात हे पाहायचं तर नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत विचार. लोणारच्या बेसाल्टच्या चुंबकीय गुणधर्मांवर तिथल्या लोकांनी काम केलेलं आहे.

एक सूचना. कुणीही उत्साहात लोणारला जाऊन कांड्या काढू नका, खडेही उचलू नका. ते अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळही. परवानगीशिवाय छिन्नी लावणं गुन्हा ठरेल.

कोपरखळी :

आणि गाइडचं होकायंत्र?

गारगोटी :

ते चालू द्या. फक्त नाना, पुढच्या सहलीत तेच होकायंत्र गावाबाहेरच्या एखाद्या बेसाल्टच्या कातळावर ठेवून बघा आणि पोरांनाच विचारा.

सांख्य :

शेवटचं. ॲक्रमनचं वय शेवटी लिहायचं काय? ५८ कोटी, अधिक-उणे किती?

गारगोटी :

'सुमारे ५८ कोटी' लिहा आणि पुढे दशांश लावू नका. थरांच्या क्रमावरून आणि वरखालच्या वयांवरून बांधलेला आकडा आहे, एक-दोन कोटी इकडेतिकडे धरायला हरकत नाही. याहून बारीक आकडा हवा असेल तर पट्ट्याच्या अगदी लगत, वर किंवा खाली, ज्वालामुखीच्या राखेचा थर हवा, ज्यातले झिरकॉन तेव्हाच जन्मलेले असतील. तोवर पट्टा बघायचा असेल तर ॲक्रमनला जाऊ नका, तिथे मीठ आणि माश्या आहेत. फ्लिंडर्सच्या राष्ट्रीय उद्यानात बुनयेरूची घळ बघा, आणि जवळच्या ब्राचिना घळीतला तो थरही, ज्यावर २००४ मध्ये एडियाकारन कालखंडाची सुरुवात जगासाठी नक्की केली. उन्हाळ्यात नको. मे ते सप्टेंबर या, गाडीत जास्तीचं पाणी ठेवा.